सदर लेखकाचे म्हणणे

ब्लॉगवर लेख टाकण्यापूर्वी बाबा तो मोठ्याने वाचून दाखवत. वकिली सोडल्यापासून ते ताज्या निकालांवर टीकाटिप्पणी लिहीत, आणि तिची पहिली झळ घरच्यांना बसे. त्या संध्याकाळी धाकटी, म्हणजे त्यांची वकील मुलगी, एका कानाला फोन लावून फाइल चाळत होती.

"ऐकतेस ना?"

"हो बाबा."

"खटकलं काही तर बोल हां. तुझ्याच कामाचं आहे."

"छान आहे. टाका."

बाबांनी लेख टाकला, दोन घास जेवले, आणि पहाटे झोपेतच गेले.

भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरली तेव्हा शिंपीणबाई आल्या. या धाकटीच्या अशील. आजारपणात त्यांचे दुकान कित्येक महिने बंद राहिले, तेव्हा 'बाई दुकान सोडून गेल्या' म्हणत मालक ते रिकामे करायला निघाला होता. धाकटीने कोर्टातून तात्पुरती स्थगिती मिळवली होती. ती टिकते की उठते, हे दुसऱ्याच दिवशी ठरायचे होते.

बाईंनी डोळे पुसले आणि फोन पुढे केला. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये ताई. पण तुमच्या वडिलांनी माझं दुकान घालवलं बघा."

लेखाचा मथळा होता, 'ही स्थगिती टिकणार नाही'. खाली कारणे, एकाहून एक धारदार. हाच लेख धाकटीने न ऐकताच 'छान' म्हणून टाकायला सांगितला होता.

"त्यात काय? काढून टाकू," म्हणत दादा बाबांच्या कॉम्प्युटरपुढे बसला. मिक्सर दुरुस्त करून झाल्यावर ज्याच्या हातात चार स्क्रू उरतात, अशांपैकी तो होता. तो खुडबुडला, हुश्श म्हणाला, आणि त्याच क्षणी धाकटीचा फोन वाजला. पाठोपाठ आईचा.

लेख सगळ्या वाचकांना ईमेलने नव्याने गेला होता.

"दादा, काय दाबलंस तू?"

"निळं बटण. लाल जरा भीतीदायक वाटलं गं."

"आई, बाबांचे वाचक होते तरी किती?"

"मोजकेच," आई म्हणाली. "पण सगळे वकील."

दुसऱ्या दिवशी मालकाचे वकील उठले तेच हातात छापील कागद घेऊन. "साहेब, विद्वान वकीलबाईंच्या दाव्याबद्दल त्यांच्याच घरात काय मत आहे, ते वाचून दाखवतो."

"ठेवा तो कागद," न्यायाधीश म्हणाले. "आम्हालाही आलाय. दोनदा."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. शिंपीणबाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट आवळली.

"ब्लॉग हा काही पुरावा नव्हे. पण मुद्दा बिनतोड आहे. इतके महिने कुलूप निघालं नाही, तर दुकान सोडलं असं का समजू नये? उत्तर आहे तुमच्याकडे?"

उत्तर होते. पण समोरच्याच्या मुद्द्याच्या चिंध्या करणाऱ्या धाकटीने बाबांना आयुष्यात एकदाही चूक म्हटले नव्हते.

"सदर लेखकाचं म्हणणं मान्य नाही," ती कशीबशी म्हणाली. "त्यांनी दुकान पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. मशीनच्या सुईखाली अर्धी शिवण तशीच आहे. खुंट्यांवर गिऱ्हाइकांचे कपडे आहेत, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचलेली. सोडून जाणारा माणूस असं सगळं अर्धवट..."

ती अडखळली. बाबांचा चष्मा घरी अजून उघडाच पडला होता, अर्ध्या वाचलेल्या पुस्तकावर.

"बोला."

"असं अर्धवट ठेवून जात नाही, साहेब. निदान स्वतःहून तरी नाही."

न्यायाधीशांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि लिहायला घेतले. स्थगिती कायम झाली. शिंपीणबाईंना रडावे की हसावे कळेना. त्यांनी दोन्ही केले.

बाहेर व्हरांड्यात मालकाच्या वकिलांनी तिला गाठले. "वडिलांना सांगा, मुद्दा मात्र झकास—" आणि त्यांनी जीभ चावली. "माफ करा."

घरी आई दारातच उभी होती. "दुकान?"

"राहिलं."

"आणि यांचं म्हणणं?"

चप्पल काढता काढता धाकटी थांबली. बाबांच्या खोलीचे दार लोटलेले होते. "बाबा," ती त्या दाराकडे बघत पुटपुटली, "चुकलात तुम्ही."

"मोठ्यानं सांग," डोळ्यांना पदर लावत आई म्हणाली. "हळू बोललेलं त्यांनी कधी ऐकून घेतलंय?"

धाकटीने दार ढकलले.

"चुकलात तुम्ही, बाबा! साफ चुकलात!"