चार प्लग आणि यांचा रुमाल

एकोणीसशे शहात्तर साल. नणंदेचं लग्न अकरा वाजता, विवाह नोंदणी कचेरीत. साक्षीदार म्हणून पहिली सही यांची, तिच्या थोरल्या भावाची! आणि आमची गाडी तर उचकी लागल्यासारखी गचके खात होती.

"प्लग बदलले की पळते बघ हरणासारखी!" यांनी सकाळीच बाह्या सरसावल्या. "मेकॅनिक घाई करतात. काम कसं सुरक्षित व्हायला हवं!"

सुरक्षिततेचं यांना भारी वेड. बल्ब बदलायचा तरी अख्ख्या घराची वीज बंद! इथेही आधी इंजिनावर हात ठेवून, ताप बघणाऱ्या डॉक्टरसारखं ते गार असल्याची खात्री केली. मग बॅटरीची वायर काढली. ती चुकून कुठे टेकू नये म्हणून खिशातल्या रुमालात गुंडाळून, गाठ मारून कोपऱ्यात दडवली. मग एकेक प्लग. धूळ फुंकायची, जुना काढायचा, नवा आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा, शेवटी पान्यानं अलगद आवळायचा.

"माझ्या लेकाचा हात किती हलका!" सासूबाई खुर्ची टाकून बघत होत्या.

साडेदहाला नणंद नटूनथटून मागे बसली. यांनी ऐटीत किल्ली फिरवली.

खोकला नाही की शिंक नाही!

चारही प्लग पुन्हा काढले, पुन्हा बसवले. गाडी ढिम्म!

"दादा, लग्न आज आहे माझं!"

"घाईत अपघात होतात गं! अरे, घाम डोळ्यांत चाललाय. माझा रुमाल कुठाय?"

मी कपाटं उपसली, सासूबाईंनी उशा झटकल्या. तेवढ्यात नवरदेवच स्कूटरवरून हजर!

"अहो, तिकडे सगळे खोळंबलेत! इथे काय चाललंय?"

"रुमाल शोधतोय," सासूबाई म्हणाल्या.

नवरदेवांनी नवरीला स्कूटरवर मागे बसवलं आणि ते निघून गेले.

हे हताश होऊन बॉनेट लावायला वाकले आणि ओरडलेच, "सापडला!" आनंदानं गाठ सोडली, तोंड पुसलं आणि पुसता पुसता हात थांबला. हातात रुमाल, समोर मोकळी वायर!

वायर जोडताच गाडी खरंच हरणासारखी पळाली. पण पोचलो तेव्हा सह्या उरकल्या होत्या. भावाच्या जागी कचेरीतल्या शिपायाची!

नणंद आता आजी झाली आहे. तिच्या यजमानांनी जन्मभर यांना स्कूटरला हात लावू दिला नाही. सासूबाई शेवटपर्यंत हलक्या हाताचं कौतुक करत गेल्या. गाडी आम्ही पुढे विकली. देण्याआधी यांनी स्वतः, अगदी सुरक्षितपणे, नवे प्लग घालून दिले. नवा मालक ती ढकलत घेऊन गेला.

यांचा निळा रुमालही त्याच दिवसापासून सापडत नाही!