एकोणीस म्हणजे एकोणीस

गायकवाडकाकांच्या घरात एसी एकच, तोही बेडरूमला. त्या बेडरूममध्ये झोपतं बियरचं पिंप, आणि काका हॉलमध्ये बनियनवर, टेबलफॅनसमोर.

इथे सिंगापुरात, सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीतून निवृत्त झालेले हे आमचे शेजारी. पंचशील पाळणारे, त्यामुळे बियर घरी करत असले तरी स्वतः थेंबाला शिवत नाहीत. बियर झाली की नाही हे नुसतं हुंगून ठरवतात. पिणारा एकच, मुलगा राहुल. तो पुंगोलला राहतो आणि महिन्यातून एकदा बाटल्या न्यायला येतो.

"नाहीतर कशाला येईल तो?" काका हे हवापाणी सांगावं तसं सांगतात.

"यीस्ट म्हणजे तान्हं पोर," ते मला शिकवायचे. "गारठलं की झोपतं, तापलं की चेकाळतं आणि नाही नाही ते वास सोडतं. एकोणीस डिग्री म्हणजे एकोणीस." बाहेर बारा महिने तीस-बत्तीस. मी दार जरा उघडं ठेवलं की, "अहो, बाळाला ऊन लागेल."

एकदा ते तीन दिवस पलीकडे मलेशियात, जोहोरला गेले. किल्ली माझ्याकडे. मी पिंपावरच्या थर्मामीटरवर एकोणीस वाचलं, खूश झालो आणि निघताना, जन्म पुण्यात गेल्यामुळे, एसीचं बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी पिंपावर तीस आणि खोलीत पिकल्या केळ्यांचा घमघमाट.

काकांनी परत आल्यावर हुंगलं. मी बोलणी खायच्या तयारीने उभा होतो. ते पलंगाच्या कडेला बसले.

"राहुलला फोन करतो. या रविवारी नको येऊ म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी राहुल लिफ्टमध्ये भेटला. मी गुन्हा कबूल केला.

"चिल लाह, अंकल. मी बियर पीतच नाही. ऑफिसात वाटून टाकतो."

"मग येतोस कशाला?"

"यीस्टबद्दल बाबा दोन-दोन तास बोलतात. फोनवर नुसतं 'जेवलास का', आणि संपलं. त्यांना सांगू नका, ओके?"

काकांनी आम्हाला दार उघडलं. "अरे, फोन केला होता ना, बियर नाहीये."

"मग आपण दोघं नवीन करू," राहुल चपला काढत म्हणाला.

 काकांनी त्याला हाताला धरून बेडरूममध्ये नेलं आणि तिथूनच मला म्हणाले, "दार लावून घ्या हो, गारवा जातो."

एसी तेव्हा बंदच होता. मी बाहेरून दार ओढून घेतलं.