आयर्लंडची गाय

भोर तालुक्यात गाण्याची कदर कुणालाच नाही, याचा आनंदरावांना मनस्वी संताप होता. पलटणीच्या बँडमध्ये त्यांनी उभी नोकरी पिशवीचा बाजा, म्हणजे बॅगपाइप, फुंकण्यात काढली. जुना आयरिश बँडमास्तर मायदेशी जाताना त्यांना आपल्या रेकॉर्डी देऊन गेला होता. तेव्हापासून कुणी विचारो न विचारो, आनंदराव शिफारस करीत.

"लढाईचं गाणं हवं असंल तर स्कॉटलंडचा बँड. पण पोट धरून हसायचं असंल, तर आयर्लंडचा. त्यातही त्या पाच सख्ख्या भावांचा! त्यांच्या गाण्यांत काय त्या पऱ्या, काय ते बुटके!"

बाजारातली माणसं मान डोलवीत आणि कांद्याचा भाव विचारीत. आजवर एकही इसम हसला नव्हता. अशा लोकांत राहायचं म्हणजे काय असतं, ते आनंदरावांनाच ठाऊक.

म्हणून गुंजवण्याला धाकट्या बहिणीच्या, रतनच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा त्यांनी मामाचा मान स्पीकरवर वसूल करायचं ठरवलं. मुहूर्ताला अवकाश होता. वऱ्हाड मांडवात टेकलं होतं. आनंदरावांनी स्पीकरवाल्याला बाजूला सारलं आणि पाच भावांची रेकॉर्ड लावली. कर्ण्यातून पिशवीचा बाजा असा काही किंचाळला, की मांडवाबाहेरची शेरडं दावी ओढायला लागली. माणसं मात्र ढिम्म. आनंदरावांचं डोकं फिरलं. या लोकांना गाणं समजावूनच सांगायला हवं! त्यांनी माईक हातात घेतला.

"मंडळी, हे हसायचं गाणं हाय. एका गड्याची गाय चरत चरत पऱ्यांच्या कुरणात शिरती."

मांडव एकदम चिडीचूप झाला. ऐकतायत तर, असं वाटून आनंदरावांना हुरूप आला.

"पऱ्यांचा राजा गाय बांधून ठेवतो. म्हनतो, माझं गवत खाल्लंस, आता गाय माझी!"

नवरीचा बाप गेनू, त्याच्या हातातलं पानाचं तबक खाली पडलं. नवऱ्याचा बाप रखमाजी बसल्या जागचा उठला.

"आणि खरी गंमत पुढंच हाय! ती गाय तिथंच विती!"

"बंद करा त्यो बाजा!" रखमाजी ओरडला.

झालं होतं ते असं. गेल्या पावसाळ्यात गेनूची गाय रखमाजीच्या कुरणात शिरली होती. रखमाजीने ती बांधून ठेवली, तिथंच ती व्यायली, आणि दोन्ही घरांत डोकी फुटायची वेळ आली. शेवटी पंचांनी सोयरीक जुळवून भांडण मिटवलं; गाय-वासरू मात्र रखमाजीच्याच गोठ्यात राहिलं. दोघांनी देवळात बेलभंडार उचलला, की आजपासून गायीचं नाव कुणी, कुणापुढं काढायचं नाही. आनंदराव पडले भोरचे. त्यांना सावध करायचं म्हणजे गायीचं नाव काढणं आलं, आणि तशी तर शपथच होती.

"कुणी सांगितलं ह्यांना?" रखमाजी गेनूवर धावला. "भंडार उचललावता न्हवं तुमी?"

"म्या कशाला सांगू? तुमीच मिरवलं असंल गावभर!"

"अवो, गाणं हाय ते!" आनंदराव कळवळून म्हणाले. "सातासमुद्रापल्याडचं!"

"मग त्यांना आमच्या कुरणाचं कसं कळलं?"

आनंदराव रेकॉर्डीवरचं नाव दाखवायला धावले.

"गाड्या जुंपा!" रखमाजीने हुकूम सोडला. वऱ्हाडी उठले. हळद लागलेली नवरी आतल्या खोलीत हुंदके द्यायला लागली. रतन धावत बाहेर आली.

"दादा, ह्ये काय करून ठिवलंत? लगीन मोडलं की पोरीचं!"

"म्या काय केलं? गायीचं एका शब्दानं कुणी बोललं का मला?"

"शपत घेतल्यावर कसं बोलनार?"

आनंदरावांना स्वतःचा फेटा फाडावासा वाटला. शहाणा माणूस या लोकांत एकटाच जन्माला यावा, आणि तोच गुन्हेगार ठरावा! पण आतले हुंदके ऐकून त्यांनी रेकॉर्डीवरची सुई उचलली.

एवढ्यात रखमाजीची म्हातारी आई, अंबूबाई, जागची न हलता म्हणाली, "आवं पाव्हनं, फुडं काय झालं त्या गायीचं?"

गाड्या जुंपणारे हात थांबले. रखमाजीही वळला.

गाण्याचा खरा शेवट आनंदरावांना तोंडपाठ होता. पण तो सांगितला असता, तर मांडवाचे खांबही जागेवर राहिले नसते. आजवर कुणी गाण्यातली एक ओळ इकडची तिकडे केली, तर ते त्याच्या अंगावर जात. त्याच आनंदरावांनी माईकवर सांगितलं, "राजानं गाय परत दिली. वासरासकट. अंगावर झूल घालून."

मग रखमाजीने मिशीवरून हात फिरवला.

"पऱ्यांचा राजा असला म्हनून काय झालं? आमी काय त्याच्याहून कमी हाय व्हय? गेनूपाव्हनं, सांच्याला गाय न्या. वासरू बी न्या. झूल मातुर आमच्यात न्हाई, घोंगडं घालतो!"

अक्षता पडल्या. जेवताना रखमाजीच्या भावाने आनंदरावांना हळूच विचारलं, "आमच्या बांधाच्या तंट्यावर एखादी रेकॉर्ड हाय का वो?" आनंदरावांनी पानावरून उठून जायचंच काय ते बाकी ठेवलं.

परतीच्या एसटीत आनंदरावांच्या बायकोने, फुलाबाईने, त्यांना कोपराने ढोसलं. "खरं सांगा, त्यो शेवट तुमीच जुळवलात न्हवं? खरा काय व्हता?"

आनंदराव कडवटपणे म्हणाले, "पऱ्या त्या गड्यालाच दाव्याला बांधतात. त्याची बायकू शोधत येती. राजा म्हनतो, नवरा न्हाईतर गाय, दोघांतलं एकच ने. बायकू गाय घेऊन घरी जाती."

फुलाबाई फस्सकन हसली. मग पदर तोंडात कोंबून हसली. मग पदरही पुरेना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती हसत राहिली. कंडक्टरने वळून पाहिलं.

"म्या बी गायच आनली असती!" ती कशीबशी म्हणाली.

आनंदराव ताडकन उभे राहिले.

"लाज वाटत न्हाई?" ते कडाडले. "तिकडं एक बिचारा गोठ्यात बांधलेला, आणि तू हसतीस?"