शेवंतीकाकींची हेल्पलाइन

राजस परबचं भाकीत असं होतं की, येत्या तीन वर्षांत लालबागपासून वरळीपर्यंत कोणीही घरी कांदा चिरणार नाही. कांदा राजस चिरून पाठवेल. नुसता कांदाच नव्हे, तर खवलेलं खोबरं, भिजवलेले काळे वाटाणे, मोजून घेतलेला मसाला, सगळं एका खोक्यात, वेगवेगळ्या पुड्यांत, वर क्रमांक टाकून. गिऱ्हाइकाने एक नंबरची पुडी आधी, दोन नंबरची नंतर अशी कढईत रिकामी करायची आणि अर्ध्या तासात मालवणी जेवण स्वतः रांधल्याचं समाधान मिळवायचं. कंपनीचं नाव 'आयतं'. यासाठी राजसने बँकेतली बरी नोकरी सोडली होती, त्यामुळे भाकीत खरं करणं त्याला भागच होतं.

गिऱ्हाईक कुठून येणार हेही ठरलेलं. परबांच्या चाळीच्या गॅलरीतून समोर पूर्वी गिरणीची चिमणी दिसायची, तिथे आता बेचाळीस मजल्यांचा टॉवर दिसतो. त्या टॉवरात नवराबायको दोघंही कमावतात, ओटा लांबलचक असतो आणि त्यावर चहापलीकडे काही घडत नाही. असे ओटे राजसला रात्रंदिवस हाका मारत होते.

चव आईची होती, आणि अडचण तिथूनच सुरू झाली. शेवंतीबाईंना चव ठाऊक होती, माप ठाऊक नव्हतं. राजसने सोनाराकडे असतो तसला काटा आणला. आईने मसाल्याची चिमूट उचलली की तो तिचा हात वरच्या वर धरायचा आणि काट्यावर रिकामा करायचा. पहिल्या दिवशी चिमूट अडीच ग्रॅमची भरली, दुसऱ्या दिवशी चारची, तिसऱ्या दिवशी एकची.

"आई, काहीतरी एक ठरव."

"कोंबडी बघून ठरवतात रे," शेवंतीबाई म्हणाल्या.

शेवटी राजसने सरासरी काढली. सरासरीची कोंबडी घरात कोणालाच आवडली नाही, पण ती दर वेळी सारखीच नावडायची, आणि धंद्यात यालाच दर्जा म्हणतात.

खोकी बांधायचं खातं वडिलांकडे होतं. गणपतराव माझगावच्या गोदीतून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षांत आपण बांधलेलं एकही खोकं समुद्रात सुटलं नाही, हा त्यांचा अभिमान. चिकटपट्टी हा प्रकार त्यांना पोरकट वाटायचा. त्यांनी वाटाण्याच्या उसळीचं खोकं सुतळीने असं आवळलं की, ते समोरच्या टॉवरात न जाता थेट एडनच्या बंदराला निघालंय असं वाटावं.

साहजिकच पहिल्या आठवड्यात जे फोन आले ते चवीबद्दल नव्हते, गाठीबद्दल होते. एकतिसाव्या मजल्यावरच्या आकांक्षा नावाच्या मुलीने कात्री, सुरी आणि नवरा, तिन्ही वापरून पाहिले होते. राजसला दिवसभर मीटिंगा असायच्या. म्हणून त्याने खोक्यावर 'मदतीसाठी' असं लिहून आईचा मोबाइल नंबर छापला. गाठ कशी सोडवायची तेवढं आई सांगेल, असा साधा विचार होता. मोठमोठ्या कंपन्या बुडाल्या त्याही अशाच साध्या विचारांनी बुडाल्या असणार.

तीन महिने गेले. सहाशेवर घरांनी खोकं मागवलं. पहिलं खोकं अर्ध्या किमतीत होतं, तेव्हा ते मागवणं स्वाभाविक होतं. खोबरं आंबू नये म्हणून खोक्यात बर्फाच्या पिशव्या घालाव्या लागत. टॉवरच्या फाटकावरचा रखवालदार खोकं आणणाऱ्याला नाव-गाव विचारीपर्यंत तो बर्फ वितळायचा, म्हणून पिशव्या दुप्पट झाल्या. प्रत्येक खोक्यामागे राजसला खोट येत होती, पण तिची त्याला फिकीर नव्हती. हेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पुऱ्या किमतीत मागवेल तेव्हा सगळं भरून निघणार होतं.

तर ते दुसऱ्यांदा मागवत नव्हतं. सहाशेतल्या एकोणीस जणांनी पुन्हा खोकं मागवलं, आणि त्यांतले अकरा राजसचे बँकेतले मित्र होते.

गंमत अशी की नाराज कोणीच नव्हतं. कंपनीला लोक भरभरून तारे देत होते. खाली अभिप्राय असायचे : 'हेल्पलाइन अप्रतिम', 'काकी ग्रेट', 'आयुष्य बदललं'. राजसने ते वाचून खोक्याचा रंग बदलला, पुड्यांचा आकार बदलला, नावाखाली एका छोट्या कढईचं चित्र छापून घेतलं. आकडा एकोणीसवरून हलला नाही.

आणि आकडा हलणं गरजेचं होतं. ज्या फंडाने सुरुवातीचं भांडवल दिलं होतं, त्याची अट होती की एकदा मागवणाऱ्यांतला निदान तिसरा हिस्सा परत आला पाहिजे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी फंडातर्फे संघमित्रा कांबळे स्वतः पाहायला येणार होत्या. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या बाई. त्यांना टॉवरही कळत होता आणि चाळही, त्यामुळे दोन्हीपैकी कशाच्याच थापा त्यांना मारता येत नसत. त्यांनी मान डोलावली नाही तर 'आयतं' बंद. बँकेत राजसच्या खुर्चीवर केव्हाच दुसरा बसला होता.

त्या शनिवारच्या तीन दिवस आधी, बुधवारी दुपारी, मीटिंग रद्द झाली म्हणून राजस घरीच होता. आतल्या खोलीत आई फोनवर बोलत होती.

"खोक्यातला मसाला बाजूला ठेव गो, त्याची सरासरी काढलेली आहे. तुझ्याकडे धणे आहेत ना? ते भाज. आणि खोबऱ्याचा आधी वास घे. आमच्याकडे सोमवारी खवलंय, आज बुधवार. आता हे आणलंयस तर आणलंयस, पुढच्या वेळी मागवू नकोस. लालबाग मार्केटात गुणाजीकडे जा, शेवंतीकाकीने पाठवलं म्हणून सांग. एवढ्या पैशात चार वेळा होईल."

आपल्या कंपनीची विक्रीनंतरची सेवा राजसने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. फोन ठेवेपर्यंत तो थांबला.

"आई, असं तू किती जणांना सांगितलंस?"

शेवंतीबाईंनी बोटांवर मोजायला घेतलं, बोटं संपली, तेव्हा म्हणाल्या, "सगळ्यांनाच."

"तू माझी गिऱ्हाइकं पळवतेयस."

"मी कुठे पळवते? ती शिकतायत."

"तेच म्हणतोय मी."

"मग खोटं सांगू काय रे त्या पोरींना? काकी म्हणतात मला."

व्यवस्थापनाच्या कुठल्याही पुस्तकात आईचं प्रकरण नसतं. राजसने एका कागदावर दोन वाक्यं लिहून दिली : 'आमची निवड केल्याबद्दल आभारी आहोत. पुढचं खोकं कधी पाठवू?' कोणाचाही फोन आला तरी एवढंच वाचायचं. शेवंतीबाई मुलासाठी तयार झाल्या. त्यांनी ते तीन जणींना, चष्मा लावून, एका सुरात वाचून दाखवलं. तिघींचीही खात्री पटली की काकींना काहीतरी झालंय. आकांक्षा तर एकतीस मजले उतरून, रस्ता ओलांडून, शहाळं घेऊन पाहायला आली.

मग राजसने तो नंबरच बंद केला. शनिवारपर्यंत तरी आई कोणाशी बोलणार नाही, मग संघमित्राबाईंना काय ते समजावता येईल, असा त्याचा हिशेब होता. फोन बंद झाला तर लोक प्रत्यक्ष येतील, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

शनिवारी अकराला राजस खाली जाऊन संघमित्राबाईंना घेऊन जिना चढू लागला. दुसऱ्या मजल्यापासूनच पायऱ्यांवर चपला लागल्या. चांगल्या, महागाच्या चपला. तिसऱ्या मजल्यावर मिरच्या भाजल्याचा असा खाट उठला होता की संघमित्राबाई रुमाल नाकाला लावूनच गॅलरीत शिरल्या. गॅलरीत पस्तीस-चाळीस माणसं बसली होती. कोणाच्या मांडीवर पातेलं, कोणाच्या हातात वही. मध्ये शेगडीपुढे शेवंतीबाई, हातात उलथणं. नंबर बंद झाला म्हणून ज्या ज्या पोरी विचारायला आल्या, त्यांना त्यांनी शनिवारी घरीच या म्हणून सांगितलं होतं.

"हे सगळे तुमचे ग्राहक?" संघमित्राबाईंनी विचारलं.

"सगळे," राजस म्हणाला. हे शंभर टक्के खरं होतं.

संघमित्राबाईंनी वही उघडली. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसलं, आणि राजसला वाटलं, झालं, आपण तरलो. गिऱ्हाईक घरापर्यंत चालत आलेलं या बाईंनी दुसऱ्या कुठल्या कंपनीत पाहिलं असणार? त्या सर्वांत जवळ बसलेल्या आकांक्षाकडे वळल्या आणि तिने खोकं किती वेळा मागवलं ते विचारलं.

"एकदाच. आता कशाला लागतंय? काकींनी शिकवलं ना."

तिच्या शेजारणीनेही एकदाच मागवलं होतं. तिच्या शेजारी पोराला घेऊन बसलेल्या गृहस्थांनीही. तेरा जणांना विचारून झाल्यावर संघमित्राबाईंनी काही न लिहिताच पेन बंद केलं आणि राजसला कठड्यापाशी बोलावलं.

"राजस, खोकं वाईट असतं तर लोकांनी ते टाकून दिलं असतं. चांगलं आहे, म्हणून ते शिकले. आणि ज्याला शिकायचंच नाही तो तयार जेवण मागवतो, त्याला पुड्या फोडायचाही कंटाळा असतो. मग तुमचं गिऱ्हाईक नेमकं कोण?"

राजसने खाली रस्त्यावर पाहिलं. गिऱ्हाईक तिथेही दिसत नव्हतं. पण बुडणाऱ्याला सुचतं तसं त्याला त्याच क्षणी सुचलं, आणि त्याने संघमित्राबाईंचा हातच धरला. खोकी नकोत. बर्फ नको, फाटक नको. नुसता वर्ग. दर शनिवारी चाळीस माणसं, आईच्या हाताखाली, माणशी ठरावीक फी.

संघमित्राबाईंनी गॅलरीतली डोकी मोजली. "हे चालेल," त्या सावकाश म्हणाल्या. "हे खरंच चालेल." आणि त्या शेगडीपाशी जाऊन उकिडव्या बसल्या. "काकी, एका वर्गाचे किती घ्याल?"

शेवंतीबाईंनी धणे हलवायचे थांबवले नाहीत.

"शिकवायचे कसले पैसे, बाय? पुढच्या शनिवारी सुकं मटण आहे. तू पण ये. आणि आणखी कोणी असेल तर घेऊन ये."

संघमित्राबाईंनी वही मिटली. मग जरा वेळाने पुन्हा उघडली.

"किती वाजता?"

"अकरा."

त्या वहीत 'आयतं'च्या पानावर त्या दिवशी तेवढा एकच आकडा लिहिला गेला. राजस शेजारी पुढच्या शनिवारसाठी खुर्च्या मागायला गेला.