पाठराखीण चिमी

चिंचणीच्या दमयंतीबाईंच्या घरात काय आत यायचं आणि काय बाहेर राहायचं, हे एकदा ठरलं की ठरलं! नवऱ्याच्या, म्हणजे नरहरींच्या, चिकूच्या वाडीतून आलेल्या चिखलाच्या चपला बाहेर. सुके बोंबील बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत. शेजारच्या पुष्पलताबाईंना ओटीपर्यंत परवानगी, कारण त्या आत आल्या की फ्रीजवरून बोट फिरवून धूळ बघायच्या. आणि जनावर? नाव काढायचं नाही! एकदा एक मांजर खिडकीतून नुसतं डोकावलं, तर बाई अशा किंचाळल्या की शेजारच्या आळीतल्या लोकांना कुठल्या तरी कंपनीचा भोंगा झाला असं वाटलं.

तर अशा या घरात शैलेशचं लग्न ठरलं. शैलेश म्हणजे एकुलता एक मुलगा, बोईसरला कंपनीत कामाला. मुलगी मासवणची, वैष्णवी. बैठकीत मानपान, तारीख, जेवणावळ सगळं चहाचा कप संपायच्या आत ठरलं. मग वैष्णवी म्हणाली, "माझं एकच म्हणणं हाय. चिमीला मी सोबत आणणार."

"आणा की!" दमयंतीबाई मोठ्या मनाने म्हणाल्या. "धाकटी बहीण वाटतं?"

मुलीच्या वडिलांनी सतरंजीकडे बघितलं. "कुत्री हाय."

बाईंनी अर्धा कप तसाच खाली ठेवला.

"तुमच्याकडे ती झोपते कुठे?"

"माझ्या पायाशी. गादीवर."

गादीवर! बाईंना वाटलं, आपण बसलोय ती सतरंजीच हलते आहे. मग जे ठरायला दुपार गेली ते हेच. आत की बाहेर! मुलीकडचे म्हणाले आत, बाई म्हणाल्या बाहेर, नरहरी म्हणाले पोहे छान झालेत. शैलेश कुणाकडेच बघेना.

"येऊ दे तिला," शेवटी बाईंनी निकाल दिला. "पण उंबऱ्याच्या बाहेर!"

"बाहेर एकटी ठेवली की रडते ती."

"रडेल आणि गप्प होईल."

वैष्णवीने मान खाली घातली. हळूच म्हणाली, "बघू. नाय रमली तर तिला मासवणला नेऊन सोडीन. मग तिला बघायला मी कितींदा जाईन, आणि गेले की कधी परत येईन, ते मात्र आत्ता सांगत नाय."

शैलेशच्या घशात चिवडा अडकला. त्याने आईकडे असं बघितलं, जसं परीक्षेच्या दिवशी हॉलतिकीट विसरल्यावर बघायचा. पण दमयंतीबाई एकदा बोलल्या की बोलल्या!

तयारीला लागल्या. बोईसरहून एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम आणवला, आडवा करून कापला, दहादा धुतला आणि अंगणात कोपऱ्यात ठेवला. चिमीचं घर! पुढच्या दाराला आपोआप लागणारं लॅच बसवून घेतलं, कारण लग्नाच्या गडबडीत दार उघडं राहिलं तर? खिडक्यांना आधीच ग्रिल होतं, त्यावर जाळीही मारली. फक्त हॉलच्या एका खिडकीची जाळी सुतार उद्या मारतो म्हणाला आणि उद्याच राहिला. मागच्या दाराला आतून कडी, कडीला वर सुतळी.

"माझ्या घरात कुत्रं शिरलं ना, तर मी नाव बदलीन!" बाईंनी पुष्पलताबाईंना ओटीवर बसवून सांगितलं. पुष्पलताबाईंनी ते वाक्य नीट पदराला बांधून ठेवलं.

लग्न मासवणला लागलं. संध्याकाळी वरात चिंचणीला परत आली. बाई वरातीच्या आधीच घरी येऊन तयारीत उभ्या होत्या. पैठणी नेसलेल्या, म्हणून किल्ल्यांचा जुडगा कमरेला न लावता आत फ्रीजशेजारच्या खिळ्याला अडकवलेला. उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं पितळी माप. आत कुंकवाच्या पाण्याची परात, नवरीची पावलं उमटवायला. दार वाऱ्याने लागू नये म्हणून पाट टेकवलेला. घरात होत्या फक्त माई, नरहरींच्या आई. गुडघ्यांमुळे हात दिल्याशिवाय त्यांना पलंगावरून उठता येत नसे, आणि बँडच्या आवाजाने त्यांनी कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं होतं.

गाडीचं दार उघडलं. आधी लाल कापड बाहेर आलं. बाई कौतुकाने पुढे झाल्या आणि जागच्या जागी थिजल्या! लाल जरीचं कापड गळ्यात बांधलेली, तपकिरी रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला, अशी चिमी उतरली. तिच्यामागून नवरी.

"पाठराखीण म्हणून माझी मावसबहीण येणार होती," वैष्णवी म्हणाली. "तिला ताप आला. माहेरचं कुणीतरी सोबत पाहिजे ना, आई?"

पुष्पलताबाई पदरात तोंड घालून खोकल्या. तो खोकला नव्हता.

"शैलेश, दोरी घट्ट धर!" बाई ओरडल्या आणि ओवाळायला लागल्या. भाकरीचे दोन तुकडे नवरानवरीवरून उतरवले, एक उजवीकडे टाकला, आणि दुसरा डावीकडे टाकायचा तर नजर सारखी त्या कुत्रीवर! हात चुकला. तुकडा चौकटीवर आपटला आणि टुण्णकन घरात जाऊन पडला.

चिमीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

पुढचं जे झालं ते व्हिडिओवाल्यालाही नीट टिपता आलं नाही. दोरी शैलेशच्या हातातून सुटली. माप उडालं. तांदूळ पैठणीवर, नवरीवर आणि पुष्पलताबाईंच्या उघड्या तोंडात. चिमीच्या धक्क्याने पाट सरकला, समुद्रावरून वारा आला, दार धाडकन लागलं, आणि नव्या लॅचने आपलं काम इमानाने केलं. खट्!

बँडवाल्याने वर नेलेली काठी ढोलावर आणली नाही.

"माप कुत्र्याने ओलांडलं!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

दमयंतीबाई खाली बसल्या. कशावर बसलो हे बघितलं नाही. निळ्या ड्रमवर!

"किल्ली?" नरहरी म्हणाले.

"आत."

"मागचं दार?"

"आतून कडी. वर सुतळी."

"सुतळी कशाला?"

"कुत्रं येऊ नये म्हणून!"

सगळी वरात हॉलच्या त्या बिनजाळीच्या खिडकीकडे धावली. बाईंनी ग्रिलला नाक लावून आत बघितलं. चिमी परातीतून चालत गेली होती. आणि पांढऱ्याशुभ्र लादीवर, सोफ्याकडे, देवघराकडे, फ्रीजकडे, जिकडेतिकडे लालचुटुक पावलं!

"लक्ष्मी आली हो वहिनी," पुष्पलताबाई म्हणाल्या. "चार-चार पायांनी आली!"

"माई! ओ माई!" शैलेशने हाका मारल्या. खोलीचं दार उघडं होतं, पलंगावरच्या माई दिसत होत्या. मशीन डबीत! माईंनी खिडकीत गर्दी बघितली, हात वर करून आशीर्वाद दिला आणि गप्प बसल्या.

मग नरहरींना युक्ती सुचली. चिकू काढायची जाळीची लांब काठी त्यांनी आणली आणि ग्रिलमधून आत घातली. आयुष्यभर या काठीने शेंड्यावरचा चिकू काढलाय, खिळ्यावरच्या किल्ल्या काय चीज आहे!

"डावीकडे घ्या!" "वर!" "अहो, जरा खाली!" सगळी वरात एकदम काठी चालवायला लागली. काठी फ्रीजकडे गेली, थरथरली, आणि जाळीत किल्ल्यांऐवजी फ्रीजवरचा बुंदीच्या लाडवांचा डबा आला. झाकण उडालं. लाडू घरभर! चिमीला तर वाटलं असेल, काय ही माणसं, आल्याआल्या केवढं आगतस्वागत!

"हाड! हाड!" बाई ओरडल्या.

चिमीने लाडू खाता खाता शेपूट हलवलं.

"तिला हाड म्हणजे काय ते माहीत नाय," वैष्णवी हळूच म्हणाली. "आमच्याकडे कुणी बोललंच नाय कधी."

बाईंनी आवाज बदलला. "चिमीबाय, ये गं बाळा, दार उघड, ये सोन्या!" बत्तीस वर्षांच्या संसारात हा सूर नरहरींनी पहिल्यांदाच ऐकला. ते काठी घेऊन तसेच बघत राहिले.

चिमीने कान टवकारला, बाईंकडे बघितलं, आणि डुलत डुलत माईंच्या खोलीत गेली. पुढचे पाय पलंगावर ठेवून उभी राहिली. माईंनी मोतीबिंदूचे डोळे बारीक केले. लाल जरीच्या कापडावरून हात फिरवला.

"ये गो बाय, बस," माईंचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. "दमली असशील. हात किती गरम हाय गो तुझे!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, आईंना ती सून वाटतेय!"

"लाजते म्हणून बोलत नाय? बरं हाय. या घरात बोलणारी एक हायच." आत माईंचं चालूच होतं.

पुष्पलताबाई आता उघडपणे हसत होत्या. पण पुढे जे झालं त्याने त्यांचंही हसू वाळलं. माईंनी उशीखालून डबी काढली. मशीनची नव्हे, लाल मखमलीची! सोन्याच्या पुतळ्यांची माळ! जी माळ त्यांनी दमयंतीबाईंना फक्त लांबून दाखवली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी चिमीच्या गळ्यात घातली आणि तिच्या कानांवरून बोटं मोडली.

आता मात्र दमयंतीबाईंना घेरी यायची बाकी होती. इतक्यात मागून आवाज आला.

"शिडी कुठं ठेवता तुमी?"

बाई वळून बघतात तर काय, नवरीने शालू गुडघ्यापर्यंत खोचलेला! मुंडावळ्या काढून शैलेशच्या हातात दिलेल्या!

"अगं, काय करतेस? नवरी ना तू!"

"स्वयंपाकघर कौलारू हाय ना? आमच्या मासवणच्या घराची कौलं दरसाल मीच चाळते." आणि कुणी काही बोलायच्या आत ती वाडीतली शिडी लावून वरसुद्धा गेली. धडाधड चार-पाच कौलं काढून बाजूला ठेवली, वाशाला लोंबकळली आणि दिसेनाशी झाली. आतून धप्प असा आवाज आला. बँडवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने एकदा ढोल वाजवला.

दमयंतीबाई तोंड उघडं टाकून कौलांतल्या त्या भगदाडाकडे बघत राहिल्या. घरची लक्ष्मी माप न ओलांडता छपरातून आली! चिंचणीत असं कधी घडलं नसेल. पुढची सगळी वर्षं लोक तारखा याच्यावरून सांगणार, दमयंतीची सून छपरातून आली त्याच्या आधी की नंतर!

दार उघडलं. समोर वैष्णवी, केसांत कोळिष्टकं, गालावर काजळीचा पट्टा. तिने पडलेलं माप उचललं, जमिनीवरचे तांदूळ ओंजळीने त्यात भरले आणि उंबऱ्यावर ठेवलं. तिच्या पायाशी पुतळ्यांची माळ घातलेली चिमी. आणि उंबऱ्याबाहेर, अंगणात, दमयंतीबाई! ज्यांनी सगळ्यांचं आतबाहेर ठरवलं त्याच बाहेर!

वैष्णवीचा चेहरा पडला होता. "आई, चूक चिमीची नाय. माझी हाय. म्हणत असाल तर आत्ताच तिला मासवणला पाठवते."

बाईंनी तोंड उघडलं, पण आधी आतून माईंचाच आवाज आला. मशीन आता कानात होतं.

"कुणाला पाठवते? मोतीबिंदू हाय गो मला, आंधळी नाय मी! कुत्रा नि सून यातलं कळत नाय काय? तुमी सगळी खिडकीत भुंकत होता, आत ती एकटीच गप होती. आज सकाळपासून माझ्याजवळ येऊन बसलेलं या घरातलं पहिलं माणूस ते!"

सकाळी बाईंनी माईंना चहा दिला होता खरा, पण उभ्याउभ्याच. आणि जेवणाचं ताट शेजारच्या पोरीबरोबर पाठवलं होतं.

"आणि ती माळ?" नरहरींनी हळूच विचारलं.

"सुनेचीच! पाठराखणीकडे दिली, नेऊन दे म्हटलं. नेली की नाय तिनं?"

नेली होती. वैष्णवीने वाकून चिमीच्या गळ्यातली माळ काढली आणि डोळे पुसत आपल्या गळ्यात घातली. मग तिला आठवलं की सासू अजून अंगणातच आहे. ती थोडी बाजूला झाली, मापाकडे बोट केलं आणि खाली बघत म्हणाली, "या ना, आई. उजवा पाय आधी."

आणि दमयंतीबाईंनी, काय करणार, पैठणी सावरून माप ओलांडलं.

आता चिमी कुठे असते? निळ्या ड्रममध्ये नरहरींच्या चपला असतात. चिमी दुपारभर माईंच्या पलंगाखाली, आणि तिन्हीसांजेला बरोब्बर उंबऱ्यावर आडवी पडते. तोंड आत, मागचा भाग ओटीवर. तिच्यावरून ढांग टाकूनच सगळ्यांनी आत यायचं.

पुष्पलताबाई परवा ओटीवर आल्या. इकडेतिकडे बघितलं, पदरात बांधलेलं वाक्य सोडलं. "मग वहिनी, नाव काय ठेवलं तुम्ही नवीन?"

दमयंतीबाईंनी लाडवाचा अर्धा तुकडा चिमीच्या तोंडात दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "नाव कशाला बदलायचं? कुत्रं बाहेरच आहे की! तुम्ही शेपटाकडून बघा!"