मुलीकडचे सबनीसकाका

सबनीसकाका दिल्लीच्या स्टेशनवर मजुरांच्या गळ्यात झेंडूचे हार घालतात. बिहारची गाडी लागली की बाकीचे शेतमालक मजुरांची बोचकी हिसकावतात, "मेरे साथ चल, कूलर दूँगा!" म्हणून ओरडतात. आमचे काका मात्र हात जोडून उभे. "गरज कुणाला? मला. मग मी मुलीकडचा. वाकायलाच हवं."

गुडगावात ते आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी मानेसरच्या पलीकडे भातशेती घेतली. तिथली माणसं केव्हाच गाड्यांच्या कारखान्यांत गेली. बिहारची टोळी आली तरच लावणी.

मी मजुरांच्या संघटनेत काम करते. हार घालणारा मालकही मालकच, हे त्यांना सांगून माझा घसा बसला.

"काका, हारानं पोट भरत नाही! किमान वेतन द्या, आठवड्याची सुट्टी द्या!"

"देतोच की! बिल्कुल! सुट्टीच्या दिवशी श्रीखंड करू?"

असल्या माणसाशी भांडायचं कसं?

यंदा मात्र सापडले. टोळीचा मुकादम जीतन माझ्याकडे आला. "दीदी, रोपनी खतम ही नहीं होती. शाम को आख़िरी कोना लगाते हैं, सुबह खाली. साहब कहते हैं, नीलगाय है. उधर गाँव में बारिश हो गई, अपना खेत पड़ा है."

मी पहाटेच शेतावर गेले. काका गुडघाभर चिखलात वाकून आदल्या दिवशी लावलेली रोपं उपटत होते. बांधावर त्यांच्या नीट बांधलेल्या जुड्या.

"नीलगाय जुड्या बांधते का हो काका? ही वेठबिगारी आहे!"

"रोजची मजुरी रोज देतो गं."

"आणि जीतनचं शेत? पाऊस होऊन गेलाय तिकडे. त्याची लावणी कोण करणार?"

काकांचा हात थांबला. "बोलला नाही मला तो."

"तुम्ही बोलू देता? सदा आपलं श्रीखंड!"

"काल माझ्याशी भांडला. मी केलेल्या भाजीत मीठ जास्त म्हणून. सगळी टोळी त्याच्या बाजूनं." मग हळूच म्हणाले, "फ्लॅटवर कुणी काही म्हणतच नाही."

काकांनी एक जुडी सोडली आणि रोपं परत लावायला घेतली. मी चरफडत चपला काढल्या, चिखलात उतरले.

टोळी आली तेव्हा कोपरा हिरवा झाला होता.

"हो गया रे! आज ही निकलो," काका ओरडले, "गाड़ी मिल जाएगी."

आणि मान वर न करता, लावून झालेली रोपं उगाच पुन्हा पुन्हा दाबत राहिले.