तारा दिसेपर्यंत जेवायचं नाही

"सण कुठलाही असू दे, माझ्या घरी तो अडत नाही!" असं मंजूषा देवस्थळेने छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा तिला पोलंडच्या नाताळाबद्दल ओ की ठो माहीत नव्हतं. पण माहीत नाही म्हणून मंजूषा आजवर कशाला अडली आहे?

समोर माग्दा उभी होती, रडवेली. ही पोलंडची पोरगी एकटीच भारत बघायला निघालेली. सांची-भीमबेटका बघायला म्हणून चार दिवसांसाठी अवधपुरी कॉलनीत मंजूषाच्या वरच्या खोलीत उतरली, आणि पोहे-जलेबीच्या नादाने पंधरवडा झाला तरी हलली नव्हती. हिंदी कॉलेजात शिकलेली, त्यामुळे अख्ख्या गल्लीत शुद्ध हिंदी बोलणारी ती एकटीच!

"आंटी, चौबीस तारीख की शाम हमारा सबसे बड़ा पारिवारिक पर्व है। पहली बार मैं घर पर नहीं हूँ। माँ रोज़ रोती है, कि वहाँ अकेली बैठकर क्या खाएगी। मैंने कह दिया, भरी हुई मेज़ दिखाऊँगी, वीडियो पर।"

मंजूषाची लेक जुई कॅनडात शिकत होती, आणि दिवाळीच्या दिवशी तिने फोनवर ब्रेड-बटर दाखवलं होतं!

"बस! दाखवायचंच! बोल, क्या-क्या लगता है?"

"दिन भर उपवास। आकाश में पहला तारा दिखे, तभी भोजन। बारह व्यंजन, मांस बिलकुल नहीं। मेज़पोश के नीचे सूखी घास। और एक कुर्सी ख़ाली, अनजान अतिथि के लिए।"

पुढे माग्दा माशाबद्दल आणि बिटाच्या साराबद्दलही बरंच बोलली. पण 'उपवास' शब्द कानावर पडताच मंजूषा स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा होती!

"अहो विक्रांत, ही तर आपली संकष्टी! चंद्राच्या जागी तारा, एवढाच फरक! साबुदाणा भिजत घालते."

चोवीस तारखेला सकाळपासून घर नुसतं भिंगरीसारखं फिरत होतं. खिचडी, वडे, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याच्या पुऱ्या... बारावा पदार्थ काही सुचेना, तेव्हा मंजूषाने खजूर नुसतेच वाटीत काढून ठेवले. माग्दा दर पाच मिनिटांनी खाली येई, भांड्यात डोकावे, काहीतरी विचारायला तोंड उघडे आणि परत वर जाई. तिला वाटत असावं, बिटाचं सार नंतर होईल.

विक्रांत कारखान्यात इंजिनिअर. दहा मजली बॉयलरची जुळणी बिनचूक करणारा माणूस, पण 'सुकं गवत आणा' म्हटल्यावर डेअरीवाल्याकडून आणला काय, तर बरसीमचा भलामोठा भारा! हिरवागार, ओला चारा!

"अहो, सुकं म्हटलं होतं!"

"तो म्हणाला, ताजा है साहब, सुबह का कटा हुआ."

आता बदलायला वेळ कुठे? आकाश दिसावं म्हणून टेबल अंगणात मांडलं होतं. त्यावर बरसीम, बरसीमवर चादर. वर वाडगे ठेवले तर आमटी होडीसारखी डोलायला लागली!

साडेपाचला शेजारच्या कल्पनाताई आणि त्यांचे यजमान बाळकृष्णराव आले. मूळ नागपूरचे. पाहुणीच्या मानाखातर त्यांनीही दुपारचं जेवण टाळलं होतं, आणि ते दर वाक्यात ऐकवत होते. माग्दाने गेट सताड उघडं ठेवायला लावलं. अनजान अतिथीला आज अडवायचं नाही म्हणे.

सगळे माना वर करून उभे राहिले. आणि आकाशात? ढग! डिसेंबरात, गोधडीसारखे जाड ढग!

"ॲपमध्ये दिसतोय तारा," विक्रांतने मोबाईल वर धरला. "तो बघ, त्या टाकीच्या मागे."

"ॲप का तारा नहीं चलेगा, अंकल।"

"अगं मंजूषा, मला तर चक्कर येऊन राहिली," कल्पनाताई खुर्चीला धरून म्हणाल्या.

"दिसला!" बाळकृष्णराव ओरडले. धडाधड सगळे बसले, हात वड्यांकडे गेले. तेवढ्यात तारा लाल-हिरवा लुकलुकत विमानतळाकडे उतरायला लागला!

सगळे परत उभे. माग्दा एक डोळा ढगांवर, एक फोनवर ठेवून येरझाऱ्या घालत होती. आईचा फोन केव्हाही येणार!

आणि सगळ्यांच्या नजरा आभाळात असताना गल्लीतली तपकिरी गाय आत आली. तिने आकाशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चादरीखालून डोकावणारं बरसीम तिने तोंडात धरलं आणि मान हिसडली!

"अहो, गाय! काठी आणा, काठी!"

"मत मारो! अतिथि है!" माग्दा हात पसरून आडवी उभी राहिली. डोळ्यांत आनंदाश्रू!

अतिथीने दुसरा हिसडा दिला. चादर निघाली. आमटी, भगर, कीस, पुऱ्या, खजूर, सगळं अंगणात! वडे गडगडत थेट गेटपर्यंत गेले. दिवसभराच्या कष्टांकडे बघत मंजूषा मटकन पायरीवर बसली. आता त्या माउलीला दाखवायचं काय?

उरली होती फक्त कढईतली खिचडी, तीही तळाशी लागलेली. ताऱ्याचं नाव न काढता पाचही जण स्वयंपाकघरात फरशीवर कढईभोवती बसले. माग्दाने स्वतःच पहिला चमचा उचलला. "अतिथि ने खा लिया, अब हम खा सकते हैं," तिने फर्मान काढलं.

आणि फोन वाजला.

पडद्यावर माग्दाची आई, शेजारी बाबा. तिला दिसलं ते असं: फरशी, करपलेली कढई, चमचे घेतलेले चार अनोळखी लोक आणि खिडकीत रवंथ करणारी गाय! आईने तोंड ओंजळीत झाकलं. खांदे हलायला लागले.

"रडतायत हो त्या!" मंजूषाने घाबरून हात जोडले. "सॉरी! व्हेरी सॉरी! सगळं केलं होतं मी!"

"नहीं आंटी, हँस रही है!"

खरंच! माउली हसता हसता खुर्चीवरून घसरत होती. मग तिने डोळे पुसले, एक पातळ पांढरी पापडी कॅमेऱ्यासमोर मोडली, आणि बराच वेळ बोलली. निघताना आईनेच दिलेली तशीच पापडी माग्दाने पासपोर्टच्या पाकिटातून काढली आणि सगळ्यांपुढे धरली. एकमेकांची पापडी मोडायची आणि चांगलं चिंतायचं. मंजूषाने तुकडा मोडला. जुई आठवली, आणि तिच्या नावाने तिने आणखी एक तुकडा मोडून ठेवला.

"काय म्हणाल्या गं?" तिने विचारलं.

"माँ कहती है, आंटी दुखी न हों। हमारे यहाँ भी भोजन तैयार नहीं। मछली अब तक नहाने के टब में तैर रही है। तीन दिन से वहीं रखी है, पिताजी से मारी ही नहीं जाती।"

कल्पनाताईंनी पदर डोळ्यांना लावला. बाळकृष्णराव मात्र चमचा हवेत धरून विचारात पडले होते.

"तीन दिवस मासा टबात," ते म्हणाले, "तो घरवाले नहाते कहाँ हैं?"

"अहो, काहीतरीच काय!" कल्पनाताई कुजबुजल्या. पण माग्दाने तोवर इमानेइतबारे भाषांतर करून टाकलं होतं.

तिकडे आईचं हसू एकदम थांबलं. आणि शेजारी बसलेले बाबा हळूच कॅमेऱ्याच्या बाहेर सरकले.